नोंदलेली पातळी: चोपन्न

मोजणीचे ठिकाण: गल्लीचा मध्य. वेळ: अकरा वाजून दहा मिनिटे. पातळी: ५४. शेरा: शांत परिसर.

*

"हळू बोला की! मी काय बहिरा आहे?"

*

दाराच्या आत चार पावलांवर चुन्याची रेघ. दर सहा महिन्यांनी नवी ओढतात. जुनी कधीच पूर्ण पुसलेली नसते, त्यामुळे आता ती रेघ कमी आणि पट्टा जास्त आहे.

*

नकाशावर जांभळा म्हणजे कारखाने, निळा म्हणजे शाळा-कॉलेजं. जांभळ्यावर निळा मारला तर कोणता रंग दिसतो, हे आराखडा विभागात कोणी करून पाहिलेलं नाही.

*

सगळ्या नोंदी एकाच बाजूला चुकल्या असतील, तर सरासरीही त्याच बाजूला चुकते. (दुसरं वर्ष, संख्याशास्त्र, वहीचं पान सतरा.)

*

उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डावा जातो.

*

हे सगळं एकाच गल्लीतलं आहे आणि एकाच बाईच्या वाट्याला आलेलं आहे. तिला सगळे ताई म्हणतात. सख्खा धाकटा भाऊ ताई म्हणतो, म्हणून कामगार म्हणाले, कामगार म्हणाले म्हणून समोरचा खोक्यांचा कारखानदार म्हणायला लागला, आणि तो तर तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा आहे.

ताईचा फोर्जिंगचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक भट्टी, एक अर्ध्या टनाचा हातोडा, चार माणसं. क्रेनचे हूक बनवतात. धाकटा भट्टी सांभाळतो आणि माल पोचवतो. ताई लाल झालेला तुकडा सांडशीत धरून ऐरणीवर ठेवते, फिरवते, पुन्हा ठेवते. हातोड्याचं पेडल हळूकाकाच्या पायाखाली. हळूकाका अडुसष्ट वर्षांचा आहे, त्याला ऐकू येत नाही, आणि समोरचा मोठ्याने बोलतोय असं त्याला तोंडावरून दिसलं की तो त्याच्याहून मोठ्याने ओरडतो, "हळू बोला की!" म्हणून हळूकाका.

चौथा एक वेल्डर आहे. तो बोलत नाही, त्याला सोडून देऊ.

*

नियम (लेखी नाही)

बाहेरचा माणूस दिसला की हातोडा वर.

हा नियम ताईच्या वडिलांचा. कारखान्याचं शटर थेट गल्लीत उघडतं. तापलेल्या लोखंडावर घाव बसला की वरची खपली उडते, आणि उडालेली खपली माणूस गल्लीतला की परका, हे बघत नाही. गल्लीतल्यांना ठाऊक असतं कुठून चालायचं. परक्याला नसतं. एकदा पत्र टाकायला आलेल्या माणसाचा शर्ट जळाला. तेव्हापासून अनोळखी चेहरा दिसला की पाय पेडलवरून निघतो, हातोडा वर जातो, खाली लाकडी ठोकळा लागतो. माणूस रेघेपाशी आला तर त्याला बसवायचं, चहा सांगायचा. नुसता जाणारा असला, तर तो गल्लीचा कोपरा वळेपर्यंत हातोडा वरच.

हळूकाकाला हा नियम कोणी दरवेळी सांगत नाही. सांगून ऐकूही येणार नाही. तो डोळ्याने चेहरा बघतो आणि पाय आपोआप उठतो. चाळीस वर्षांत तो पाय एकदाही चुकलेला नाही.

समोरच्या रिळांच्या बंद कारखान्यात कॉलेज आलं, दोन वर्षांपूर्वी, तात्पुरत्या परवानगीवर, तेव्हा पहिला महिना वैतागाचा गेला. चारशे पोरं, सगळी अनोळखी. हातोडा वर, खाली, वर, खाली. तुकडे ऐरणीवरच गार पडायचे. धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला होता. मग एकेक चेहरा हळूकाकाच्या डोळ्यात बसत गेला. कुबड्या घेऊन येणारा, दोघी जुळ्या, पाठीवर बाळ बांधून परीक्षेला आलेली एक. महिन्याभरात हातोडा त्यांच्यासाठी थांबायचा बंद झाला. या गल्लीत कोणी आपलं झालं, हे असं कळतं. त्याच्यासाठी कोणी थांबत नाही.

त्या चारशेंत एक धाकट्याची मुलगी. ताईची भाची. संख्याशास्त्र.

*

मोजणीचे वेळी उपस्थित

औद्योगिक पट्ट्यात कॉलेजांना कायमची परवानगी द्यावी का, याचा प्रस्ताव शहराच्या आराखडा विभागाने काढला. त्यासाठी मोजणीवाला आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात मूठभर उपकरण, त्याच्या टोकाला काळ्या स्पंजचा गोळा. त्या दिवशी त्याच्या यादीत चौदा ठिकाणं होती.

"सही करा. मोजणी झाल्याची," तो ताईला म्हणाला.

"अजून झाली कुठे?"

"आता होईल. सही आधी घेतो. नंतर माणूस सापडत नाही."

ताईने सही केली. हातोडा अर्थात वर होता. माणूस परका, वर हातात काहीतरी घेऊन उभा. तो रेघेपाशी उभा राहिला, आकडा लिहिला. बाहेर जाऊन गल्लीच्या मध्ये उभा राहिला, आकडा लिहिला. कॉलेजच्या भिंतीला टेकून उभा राहिला, आकडा लिहिला. तीनही वेळा हळूकाका पेडलपासून हातभर लांब, हात मागे बांधून, पाहुण्याकडे बघत अदबीने उभा.

"चहा घेऊन जा," ताई म्हणाली.

"अजून नऊ ठिकाणं राहिलीत हो."

"मग तर घ्याच."

त्याने उभ्याउभ्या घेतला. गेला. कोपरा वळला. हळूकाकाने ठोकळा काढला आणि गल्लीतल्या सगळ्या काचा नेहमीसारख्या हलल्या.

हातोडा चालू असता तर आकडा काय आला असता, असा प्रश्न तेव्हा त्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. माणूस आला, थांबले. माणूस गेला, लागले.

*

नोटीस, वाचणारी: भाची

"‘प्रस्तावित संस्थेलगतच्या फोर्जिंग कारखान्याची आवाजपातळी चोपन्न डेसिबल आढळली. सबब सदर कारखाना व महाविद्यालय यांचा वापर परस्परांशी सुसंगत आहे.’"

"म्हणजे?" धाकटा.

"म्हणजे आपला कारखाना एखाद्या ऑफिसइतका शांत आहे."

धाकटा हसला. जेवता जेवता हसला, त्याला ठसका लागला. ताईही हसली. भाची हसत नव्हती.

"पुढे ऐका ना. ‘परवानगी दिल्यास संस्थेपासून शंभर मीटरच्या आतील उद्योगांनी नोंदलेल्या पातळीपेक्षा अधिक आवाज संस्थेच्या वेळेत करता कामा नये.’"

"संस्थेची वेळ काय?"

"आठ ते पाच."

भट्टी तापायला दोन तास लागतात. तीनला पेटवली तरी पाचला कॉलेज सुटल्यावरच पहिला घाव. आणि साडेसातला गल्लीची वीज कापतात ती सकाळी सहापर्यंत, औद्योगिक पट्ट्यात तो वेगळा नियम आहे.

"आणि खरं मोजलं तर?" ताईने विचारलं.

भाचीने नोटीस उलटी केली. मागच्या बाजूला बारीक अक्षर होतं. "पंचाहत्तरच्या वर गेलं तर परवानगी नाही. कॉलेजला चालू सत्र संपेपर्यंत मुदत. मग दुसरीकडे."

"दुसरीकडे कुठे?"

"शहराच्या त्या टोकाला. दोन बस बदलून. पावणेदोन तास."

"जायला?"

"जायला."

धाकटा आता ताईकडे बघत होता. चाळीस वर्षांत त्याने ताईला फार काही मागितलेलं नव्हतं, आणि आत्ताही तो मागत नव्हता, फक्त बघत होता. ते जास्त वाईट.

"पाचपर्यंत दुसरं काही करू," तो शेवटी म्हणाला. "हूक नाही तर नाही. हाताने कानस मारू. वेल्डिंग करू. आवाज नाही असं काहीतरी."

"आणि हळूकाका? त्याला कानस मारायला बसवू? त्याच्या हाताला कंप आहे. पायाला नाही म्हणून तो आहे."

"ताई, तो किती दिवस—"

"पूर्ण कर की."

धाकट्याने भाकरीचा तुकडा मोडला.

ताईने भाचीला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"मला नको विचारूस, आत्या. मी काहीही बोलले तरी ते माझ्या सोयीचंच निघणार."

"तरीपण."

"तीन वेळा चुकीचं मोजलंय. त्याची सरासरी काढलीय. कोणी परीक्षेत असं लिहिलं असतं तर मी शून्य मार्क दिले असते." तिने नोटिशीची घडी घातली, घडी नीट बसेना, पुन्हा घातली. "पण मला दोन बस नकोत, हे पण खरंय."

*

रकाना सोडून

ताई तेव्हा किती दमलेली होती, ते सांगता येत नाही. मोजणीच्या उपकरणात ते येत नाही. चोपन्नाव्या वर्षी (हा आकडा योगायोगाने तोच आहे, त्यात काही अर्थ शोधू नका) दिवसाला तीनशे वेळा पाच किलोची सांडशी उचलायची. खांदा गेला. डॉक्टर म्हणाले विश्रांती. ती म्हणाली बरं. घरी येताना तिने एका दुकानाच्या पायरीवर बसून घेतलं, उगाच, दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत तिला वाटून गेलं की हातोडा बंद झाला तर आपण रडणार नाही. झोपू. पहिले दोन दिवस नुसतं झोपू.

ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. सुनावणीला जाताना ती तिच्याबरोबर होती, पर्समध्ये, नोटिशीच्या खाली.

*

हरकती व सूचना

प्रत्येकी तीन मिनिटं. खोलीत पंखा होता, तो प्रत्येक फेरीला एका बाजूला झुकून कण्हत होता. टेबलामागे तिघं, मधले अध्यक्ष. त्यांच्यासमोर ढीगभर कागद.

आधी कॉलेजच्या प्राचार्यबाई बोलल्या. साठीकडे झुकलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, कारण कॉलेजला लिफ्ट नाही आणि त्यांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर.

"आमची निम्म्याहून जास्त मुलं याच पट्ट्यातल्या कामगारांची आहेत," त्या म्हणाल्या. "दुपारच्या सुट्टीत मुलगी समोर जाऊन वडिलांबरोबर डबा खाते आणि दोनच्या तासाला परत येते. हे दुसऱ्या कुठल्या कॉलेजात होत असेल तर मला दाखवा. शहराने जांभळा म्हणून जे रंगवलंय, तिथे माणसं राहतातच. त्यांच्या पोरांनी शिकायला निळ्यात कशाला जायचं?"

खोलीत बरं वाटलं सगळ्यांना. अध्यक्षांनीही मान हलवली.

"आणि आवाजाचं म्हणाल," प्राचार्यबाई उत्साहात पुढे गेल्या, "तर आम्ही तो सांभाळून घेतलाय. आमचे शिक्षक दोन घावांच्या मध्ये बोलतात. साधारण सात-आठ शब्द बसतात. मग थांबतात. मुलं तेवढ्यात लिहून घेतात. खरं तर मुलांच्या नोट्स सुधारल्यात."

अध्यक्षांनी मान हलवायची थांबवली.

"कोणते घाव?"

प्राचार्यबाईंच्या लक्षात आलं. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"इथे तर चोपन्न लिहिलंय," अध्यक्ष म्हणाले. "चोपन्नात शिक्षकांना थांबावं का लागतं?"

त्यांची तीन मिनिटं संपली होती. त्या बसल्या. पुढचं नाव ताईचं होतं.

ताई उभी राहिली. तिच्या मागच्या रांगेत धाकटा होता. तो खोकला. खोकला खरा होता की खुणेचा, हे तिला कळलं नाही, आणि तिने मागे वळून बघितलं नाही.

इथे ती गप्प बसू शकत होती. ‘माझी काही हरकत नाही’ एवढं म्हणून बसू शकत होती. हातोडा बंद झाला असता, भाची समोरच्या समोर शिकली असती, खांद्याला आराम पडला असता. तिला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. फक्त न बोलणं पुरेसं होतं.

"मोजलं तेव्हा आमचा हातोडा बंद होता," ताई म्हणाली.

"का बंद होता?"

"हे आले होते ना." तिने भिंतीशी बसलेल्या मोजणीवाल्याकडे बोट केलं.

"मग?"

"मग काय? माणूस आला तर थांबवतो आम्ही."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं थांबवायला? कॉलेजकडून कोणी?"

"नाही हो. कोणी कशाला सांगेल? परक्या माणसाच्या अंगावर लोखंड उडतं."

खोलीत कोणीतरी हसलं, मग आणखी दोघं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि चष्मा नसताना ते ताईइतकेच दमलेले दिसले.

"तुम्ही साहेब," ते मोजणीवाल्याला म्हणाले, "तुम्हाला हातोडा बंद दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

"रकाना ‘आढळलेली पातळी’ असा आहे. मला जी आढळली ती लिहिली." तो थोडा थांबला. "चौदा ठिकाणं होती, सर."

"बाई," अध्यक्ष ताईकडे वळले, "दोन वर्षं तुम्ही शेजारी शेजारी आहात. तुमची तक्रार आहे त्यांच्याबद्दल?"

"नाही."

"त्यांची तुमच्याबद्दल?"

"नाही," प्राचार्यबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"मग असं लिहा ना," मागून धाकटा मोठ्याने म्हणाला, "की दोघांची तक्रार नाही. संपलं."

अध्यक्षांनी समोरचा कागद उलटसुलट केला. खरोखर शोधत होते. "त्याला रकाना नाही," ते म्हणाले. मग शेजारच्या बाईंना हळूच काहीतरी विचारलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. "पुन्हा मोजा. चालू हातोड्याचं. गुरुवारी."

बाहेर जिन्यात धाकटा ताईच्या दोन पायऱ्या पुढे चालला. एरवी तो तिच्या खांद्यामुळे पिशवी घेतो. त्या दिवशी पिशवी ताईच्याच हातात राहिली.

*

फेरमोजणी

अडचण अशी होती की मोजणीवाला अजूनही परकाच होता.

सोमवारी ताईने हळूकाकाच्या समोर उभं राहून, ओठ मोठे करून सांगितलं, की गुरुवारी हा माणूस येईल, थांबायचं नाही. हळूकाका म्हणाला, "हळू बोल की! कळलं." बुधवारी खोक्यांच्या कारखान्यातला नवा ड्रायव्हर पत्ता विचारायला आला आणि हळूकाकाचा पाय उठला. "मला कळतंय ग," तो ओशाळून म्हणाला, "पायाला कोण सांगणार?"

मग ताईने मोजणीवाल्याला फोन केला. "गुरुवारी अर्धा तास लवकर या. ओळख करून द्यायचीय."

"कोणाची?"

"तुमची."

तो आला. त्याला रेघेच्या आत, मालाच्या पेटीवर बसवलं. हातोडा वर होता, ठोकळा खाली. हळूकाका त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याच्याकडे बघत राहिला, टक लावून, जसं एखाद्या नव्या साच्याकडे बघतात. मोजणीवाला अवघडला. चहा आला.

"घरी कोण कोण?" हळूकाका ओरडला.

"दोघं. मी आणि आई."

"काय?"

"आई!"

"हळू बोला की! आजारी आहे का?"

"नाही हो. म्हातारी आहे. तुमच्यासारखंच ऐकू येत नाही तिला."

हळूकाका खूष झाला. त्याने मोजणीवाल्याच्या गुडघ्यावर थाप मारली, उठला, ठोकळा काढला. धाकट्याने भट्टीतून तुकडा काढून दिला. वर बघितलं नाही, पण तुकडा नीट दिला, बेतशीर तापलेला, लाल-पिवळा. ताईने सांडशीत धरून ऐरणीवर ठेवला.

मोजणीवाला उठून बाहेर गेला. हळूकाकाने त्याला जाताना पाहिलं. पाय पेडलवर राहिला.

पहिला घाव. ताईला मुठीपासून खांद्यापर्यंत तो नेहमीसारखाच आला. दुसरा. तिने तुकडा फिरवला. एका क्षणी तिला वाटलं, पोरीचा तास चालू असेल, मास्तर आत्ता थांबले असतील. तिसरा. हूक वाकायला लागला. सहा घाव, मग तुकडा परत भट्टीत, दुसरा तुकडा. कामात काही फरक नव्हता. फक्त गल्लीच्या पलीकडे एक माणूस भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्यासाठी कोणी थांबत नव्हतं.

कॉलेजची भिंत. वेळ: अकरा वाजून पाच. पातळी: ९८. शेरा: (कोरा).

"सही," मोजणीवाला म्हणाला. या वेळी त्याने सही नंतर मागितली.

*

निर्णय

परवानगी नाकारली. सत्र संपेपर्यंत मुदत.

*

दुपार, मधली सुट्टी

प्राचार्यबाई कारखान्यात आल्या. हातोडा चालू होता, तो चालूच राहिला. त्या रेघेबाहेर उभ्या राहून तुकडा संपायची वाट बघत होत्या. मग आत येऊन पेटीवर बसल्या. बूट काढून तळवे चोळले. ताई त्यांच्या शेजारी बसली. सांडशी मांडीवर.

"तुम्हाला राग आला असेल," ताई म्हणाली.

"रागाला ताकद लागते," प्राचार्यबाई म्हणाल्या. "मला अजून चारशे दाखल्यांवर सह्या करायच्यात."

"मी न बोलता बसले असते तर—"

"तुम्ही गप्प बसला असतात तरी मीच आधी सांगून बसले होते की. ते दोन घावांचं. मला वाटलं मी तुमची स्तुती करतेय." त्या हसल्या, फार नाही. "बाई, मी पस्तीस वर्षं शिकवलं, पण एवढं सुसंगत कुठेच नव्हतं."

चहा झाला. कोणी दुसरा मागितला नाही.

"नवीन जागा कशी आहे?" ताईने विचारलं.

"प्रशस्त. भिंतीला रंग आहे. लिफ्ट आहे. पट्ट्यातली किती मुलं पोचतील, माहीत नाही. शंभरेक धरलीत मी. बाकीच्यांना कामं मिळतील इथेच." त्यांनी समोर बघितलं. समोर हळूकाका पेडलपाशी डोळे मिटून उभा होता, घोड्यासारखा. "तुमच्याकडे जागा असली तर सांगा."

ताईने सांगितलं, नाही.

प्राचार्यबाईंनी बूट घातले. नाडी बांधायला वेळ लागला. जाताना त्या रेघेच्या कडेने, नेमक्या जिथून चालायचं असतं तिथून चालत गेल्या.

*

सत्रानंतर

भाची पाच चाळीसला निघते. पहिल्या आठवड्यात धाकटा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला, दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली नको. संध्याकाळी येते ती दप्तर दारात टाकून, पाणी न पिता, आडवी होते. जेवायला उठवावं लागतं. गणितं बसमध्ये सोडवते, त्यामुळे आकडे वाकडे येतात, आणि एका सरांनी त्यावर मार्क कापले. तिने ते हसून सांगितलं. ताईने हसण्यात साथ दिली, मग भांडी आवरायला उठली.

धाकटा ताईशी कामापुरतं बोलतो. "दे." "घे." "तापला." चूक त्याची नाही. तिचीही नाही, असं तिला निम्मे दिवस वाटतं. उरलेले निम्मे दिवस ती हिशेब मांडत नाही, सांडशी उचलते.

एकदा ती भाचीला म्हणाली, "मी गप्प बसायला हवं होतं का ग?"

भाची उशीत तोंड खुपसून पडलेली. तिथूनच म्हणाली, "आत्या, मला झोपू दे."

थोड्या वेळाने, झोप लागता लागता, "हळूकाका बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग ठीक आहे."

ठीक आहे म्हणजे काय, ते ताईला कळलं नाही. तिने पोरीच्या पायांवर पांघरूण ओढलं आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिली, कारण उठायचं तर उजव्या हाताने टेकू घ्यावा लागला असता.

समोरच्या इमारतीच्या खिडक्यांना आता फळ्या ठोकल्यात. हातोडा आठ ते पाच चालतो. गल्लीत परकं माणूस फारसं येत नाही, त्यामुळे तो दिवसभरात फार तर एकदा-दोनदा थांबतो. हूक जास्त होतात. तीनशेचे तीनशे चाळीस.

दोन वर्षांपूर्वी, कॉलेज उघडलं त्या दिवशी, चारशे परकी पोरं गल्लीतून आत जाईपर्यंत, सकाळी दहा ते अकरा हातोडा बंद होता.